स्वभावाला औषध नाही म्हणतात

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला पोटाचा काही आजार?" मी तोंड उघडायच्या आत दादाच बोलला, "वडिलांना अल्सर होता. फार तापट होते." डॉक्टर टाइप करत होते. स्क्रीन थोडा माझ्या बाजूला वळलेला होता, म्हणून मला दिसलं: वडील, अल्सर, शस्त्रक्रिया. तापटपणा त्यांनी लिहिला नाही. "आणखी कुणी?" "आत्या. जठराचा कॅन्सर. सगळं मनात ठेवायची ती, कधी कुणाला काही बोलली नाही." वडिलांची बहीण, जठराचा कर्करोग. वय विचारलं, तेही लिहिलं. सोशिकपणाला रकाना नव्हता. डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं, तरी ते मला पुढे बरेच दिवस खटकत राहिलं. आमच्या घराने दोन माणसांच्या आजारांची कारणं वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. कुणीतरी एक शब्दही न बोलता ती गाळली होती, आणि गाळल्यावर जे उरलं त्यात कुठेही काही कमी पडल्यासारखं दिसत नव्हतं.

बाबांचं पोट हा आमच्या घरातला एक वेगळा सदस्यच होता. त्याच्या वेळा होत्या, त्याचे रुसवे होते. कपाटाच्या वरच्या फळीवर पांढऱ्या औषधाची बाटली असायची. तिच्या तोंडाशी वाळलेल्या औषधाची खडूसारखी कड जमलेली असायची आणि झाकण फिरवताना ती करकरायची. रात्री एक-दीडच्या सुमाराला ती करकर ऐकू यायची, मग चमच्याचा आवाज, मग दुधाच्या पातेल्याचा. काहीतरी पोटात गेलं की त्यांना बरं वाटायचं आणि पहाटे कुठे डोळा लागायचा. सकाळी उठले की कुणावर तरी आवाज चढायचा. आम्ही पोरं चपला हातात घेऊन चालायचो. आई म्हणायची, "त्यांना चिडवू नका, पोट बिघडेल." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पोट आणि राग यांतलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा प्रश्न पडायला मला पन्नाशी गाठावी लागली. पुढे त्यांच्या जठराचा काही भाग काढून टाकला, आम्ल पाझरायला लावणारी नस कापली आणि उरलेलं जठर थेट आतड्याला जोडलं. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत उभा व्रण होता, टाक्यांच्या ठिपक्यांसकट. दुखणं गेलं, पण जेवण झालं की त्यांना दरदरून घाम यायचा, छातीत धडधडायचं, कुणी काही विचारलेलं सहन व्हायचं नाही. ऑपरेशन झालं तरी राग काही गेला नाही, असं सगळे म्हणायचे.

आत्या त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही घडलंच नाही, निदान घरात सांगितलं जातं असं. सतत कुणाचं तरी करत असायची. शेवटच्या वर्षी ती ताटावरून लवकर उठायला लागली. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. ब्लाउज शिवून आत घेतले, पुन्हा घेतले. पित्त झालंय म्हणून बाबांच्याच बाटलीतलं औषध घ्यायची. ते घेतलं की तिला थोडं बरंही वाटायचं, आणि तेच वाईट झालं. तपासणी झाली तेव्हा गाठ जठराच्या भिंतीतून बाहेर पडली होती. तिच्या दहाव्या-बाराव्याला येणाऱ्या प्रत्येकाने एकच निदान केलं: आयुष्यभर गिळत राहिली, ते शेवटी पोटात साचलं.

एकाला रागाने खाल्लं, दुसरीला गप्प बसण्याने. दोन्ही बाजूंनी हिशोब बसत होता.

आमच्या घराला अडाणी म्हणावं, तर वैद्यकशास्त्रही फार वेगळं बोलत नव्हतं. १९१० मध्ये कार्ल श्वार्झ यांनी एक सूत्र मांडलं: आम्ल नाही तर अल्सर नाही. विसाव्या शतकाचा मोठा भाग त्यावर चालला. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्राम सिपी यांनी दर तासाला दूध-साय आणि आम्ल मारणारी पूड द्यायची पद्धत रूढ केली. आमचं रात्रीचं पातेलं तिथवर जाऊन पोहोचतं. आम्ल का वाढतं, तर ताण, काळजी, महत्त्वाकांक्षा. अल्सरचा माणूस म्हणजे सतत धुमसणारा माणूस, हे पाठ्यपुस्तकांत आणि व्यंगचित्रांत सारखंच असायचं. मानसोपचारतज्ज्ञ कारण शोधत, सर्जन नस कापत, आणि १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आल्यावर गोळीने आम्ल खाली आणता येऊ लागलं. गोळी थांबली की अल्सर परत यायचा. यातून निघणारा अर्थ ठरलेला: स्वभाव बदलत नाही, त्याला काय करणार?

जठरात जंतू राहू शकतात हे कुणी पाहिलंच नव्हतं असंही नाही. इटलीत जुलिओ बिझोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात नागमोडी जंतू पाहून त्यांची चित्रं काढली होती. पण १९५४ मध्ये एडी पामर यांनी हजारांहून जास्त माणसांच्या जठराचे तुकडे तपासले आणि त्यांत त्यांना जंतू सापडले नाहीत. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात ते सहसा उठून दिसत नाहीत. मामला तिथे मिटला. इतक्या आम्लात काय जगणार, हे पटण्यासारखं होतंच. मला यात पामर यांचा दोष दिसत नाही. हजार वेळा पाहूनही न दिसलेली गोष्ट नाही असं धरून चालणं, याला घरीदारी आपण अनुभवच म्हणतो.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला एका तुकड्याच्या पृष्ठभागावर निळसर रेघ दिसली. त्यांनी चांदीच्या क्षारांचा रंग दिला तेव्हा श्लेष्मात शिरलेले काळे, वाकडे जंतू स्पष्ट झाले. सहकाऱ्यांना ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर एखादा शोधप्रकल्प हवा म्हणून त्यांच्याकडे आला. शंभर रुग्णांचे तुकडे घ्यायचे ठरले, पण जंतू काही बशीत वाढेनात. प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत काही दिसलं नाही की बशी फेकली जायची. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या लागून आल्या, बशा पाचेक दिवस तशाच पडून राहिल्या आणि त्यांच्यावर वसाहती उगवल्या. हा जंतू सावकाश वाढतो, इतकंच. कुणी घाई केली नाही म्हणून तो सापडला, हे मला फार आवडतं. पुढे १९८४ मध्ये, जनावरांत संसर्ग घडवता येईना म्हणून मार्शल यांनी आधी आपलं जठर निरोगी असल्याची दुर्बिणीने खात्री करून घेतली आणि मग जंतूंचा गढूळ घोट स्वतःच पिऊन टाकला. बायकोला आधी सांगितलं नव्हतं. काही दिवसांत मळमळ, सकाळच्या उलट्या, तोंडाला घाण वास. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जठर सुजलेलं होतं आणि त्यात तेच जंतू होते. त्यांना अल्सर झाला नव्हता, झाली होती जठराची सूज. गोष्ट सांगताना लोक हा फरक खाऊन टाकतात. पण अल्सर जिथून सुरू होतो ती पायरी दाखवून झाली होती. १९८९ मध्ये जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी ठरलं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

या सगळ्यात माझं मन मात्र अडकतं ते यानिस लिकूदिस यांच्यापाशी. ग्रीसमधल्या मेसोलोंगी गावातले साधे डॉक्टर. १९५८ मध्ये स्वतःच्या पोटाच्या दुखण्यावर प्रतिजैविक घेऊन बरे झाले आणि मग अल्सरच्या रुग्णांना तेच द्यायला लागले. रुग्णांची रीघ लागली. वैद्यकीय नियतकालिकाने लेख घेतला नाही. १९६८ मध्ये शिस्तभंगाबद्दल चार हजार द्राख्मा दंड झाला. १९८० मध्ये ते गेले, पर्थच्या त्या बशांवर काही उगवायच्या आधी. त्यांच्याकडे जंतूचा पुरावा नव्हता, नियंत्रित चाचणी नव्हती. आज असा लेख आला तर संपादक बहुधा तेच करतील, आणि ते योग्यच असेल. हे सगळं मला कळतं. तरी १९५८ हे साल वाचलं की मी बाबांचं तेव्हाचं वय मोजते.

माझी दुर्बिणीची तपासणी सकाळी, उपाशीपोटी. घशात मारलेला फवारा कडू होता आणि मिनिटाभरात घसा माझा राहिला नाही. थुंकी गिळली गेली की तिथेच आहे हेही कळेना. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं दिलं. नळी उतरताना ओकाऱ्या येतात, डोळ्यांतून पाणी येतं, लाळ गालावरून कागदावर ओघळते आणि आपण तिच्याकडे बघतच राहतो. मग आत हवा सोडतात. जठराच्या घड्या उलगडतात आणि पोट आतून ताणलं जातं, हे एकाच वेळी स्क्रीनवर दिसत होतं आणि जाणवतही होतं. वरचा भाग ओला, गुलाबी, चकचकीत. खाली उतरल्यावर लाली वाढली, दोन-तीन वरवरचे ओरखडे, आणि मध्येच राखाडी-पांढुरके, किंचित उंचावलेले चट्टे. "हे जरा घेऊ," डॉक्टर म्हणाले. चिमट्याची पाती उघडली, मिटली, ओढली. अस्तर तंबूसारखं वर आलं आणि सुटलं. दुखलं नाही. रक्ताचा थेंब आला आणि पाझरत गेला. एक तुकडा सिस्टरने सुईच्या टोकाने पिवळ्या जेलच्या छोट्या खळग्यात सोडला. बाकीचे बाटल्यांत. मी उठून बसले, तोंड पुसलं, पदर सारखा केला, तोवर त्या पिवळ्याला तुकड्याभोवती गुलाबी कड आली होती. बघता बघता सगळा खळगा गुलाबी झाला.

जेलमध्ये युरिया असतो. हा जंतू त्याचं विकर सोडून युरियाचा अमोनिया करतो. अमोनियाने आम्लता उतरते आणि जेलमधला सूचक रंग बदलतो. जठरात तो नेमकं हेच करत असतो. स्वतःभोवती अमोनियाचं कवच करून आम्लातून वाट काढायची, शेपट्या फिरवत श्लेष्माच्या थरात शिरायचं आणि अस्तराला चिकटून बसायचं. संसर्ग बहुतेक वेळा लहानपणी घरातल्याच माणसांकडून होतो आणि औषध घेतलं नाही तर सहसा जन्मभर टिकतो. बाबा आणि आत्या एका घरात वाढले, एका ताटात जेवले. दोघांपैकी कुणाचीच कधी ही चाचणी झाली नाही. तरी तो गुलाबी खळगा बघताना मला त्यांचं लहानपणचं घर आठवलं, हे खरं. हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेला ऐवज असावा.

मग एकाच जंतूने भावाला एक आणि बहिणीला दुसरं असं का दिलं? याचं अर्धंमुर्धं उत्तर आता आहे आणि ते मला स्वभावाच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा विलक्षण वाटतं. सूज मुख्यतः जठराच्या खालच्या टोकाला राहिली तर आम्लाला लगाम घालणारी यंत्रणा बिघडते, आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. असा अल्सर झालेल्यांना जठराचा कर्करोग होण्याची शक्यता उलट कमी असते. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या रुग्णांच्या मोठ्या पाहणीत हे दिसलं. पण सूज वर पसरून आम्ल तयार करणारा भागच खाऊ लागली तर आम्ल घटतं, अस्तर विरळ होतं, त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, पुढे त्यांची ठेवण बिघडते आणि काहींच्यात शेवटी कर्करोग होतो. पेलायो कोर्रेआ यांनी कोलंबियात काम करून या पायऱ्या मांडल्या. तिथेच एक कोडंही आहे: अँडीजच्या डोंगरातल्या लोकांत जठराचा कर्करोग भरपूर, समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांत अगदी थोडा, आणि जंतू मात्र दोन्हीकडे जवळपास सगळ्यांना. जंतूचं मूळ आणि माणसांचं मूळ जिथे एकमेकांशी जुळत नाही तिथे इजा जास्त, असं पुढच्या अभ्यासात आढळलं. शिवाय खारट खाणं, धूम्रपान, अनुवंश हे आहेतच. म्हणजे रात्री एकला उठून दूध शोधणारा माणूस कदाचित सुटलेला होता. आणि जिला जळजळ कमी, तक्रार कमी, तिच्या आत काम चाललेलं होतं.

बाबांच्या रागाचंही मग मला वेगळंच दिसायला लागलं. वर्षानुवर्षं रात्री दुखण्याने उठणारा माणूस सकाळी हसत उठेल कशाला? ऑपरेशननंतर जेवणाचा लोंढा एकदम आतड्यात उतरतो, म्हणून घाम आणि धडधड. तासा-दोन तासांनी रक्तातली साखर पडते, म्हणून चिडचिड. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, त्याला नाव आहे. आम्ही त्याला बाबांचा स्वभाव म्हणत आलो. सगळाच राग आजाराचा होता असं मी म्हणणार नाही, त्यांचे मित्र तसं म्हणू देणार नाहीत. पण आम्ही चपला हातात घेऊन चालायचो ते ज्या माणसाला घाबरून, त्यातला किती माणूस होता आणि किती जंतू, हे आता वेगळं काढता येत नाही, आणि याचं मला वाईटही वाटतं आणि थोडं हायसंही.

आत्याच्या बाबतीत हिशोब असा सुटत नाही. तिच्या गप्प राहण्याने कर्करोग झाला नाही, हे मी आता ठामपणे सांगते, दहा माणसांत सांगते. पण ती गप्प राहिली म्हणून तो उशिरा सापडला. बाबांनी घर डोक्यावर घेतलं, त्यांना दवाखान्यात न्यावंच लागलं. तिला कुणी नेलं नाही, कारण तिने कुणाची झोप मोडली नाही. स्वभावाचा काही संबंध असेलच तर तो इथे आहे, आणि तो तिच्या एकटीच्या स्वभावाचा नाही.

माझा अहवाल आठवड्याने आला. जंतू आहे, जुनाट सूज आहे, आणि काही तुकड्यांत आतड्यासारख्या पेशी. पेशी बिघडलेल्या नाहीत. म्हणजे पायऱ्यांवर मी कुठेतरी मध्ये. डॉक्टरांनी आकडे सांगितले आणि ते धीर देणारे होते: संसर्ग झालेल्या शंभरांत कर्करोग होतो एक ते तीन जणांना. जपानमधल्या एका अभ्यासात जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना सरासरी आठेक वर्षांत जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. हा अभ्यास २००१ मध्ये आला. मी ३६ कडे बघू की १,२४६ कडे, हे माझ्या मनाला त्या दिवशी ठरवता येईना. कधी बाराशेच्या गर्दीत अगदी निवांत वाटायचं. कधी त्या छत्तीसांतल्या प्रत्येकाला निघताना असंच कुणीतरी धीर देऊन पाठवलं असेल, असं वाटायचं.

चौदा दिवसांचा चार औषधांचा कोर्स. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तोंडात सदोदित नाणं ठेवल्यासारखी चव, पाण्यालाही. बिस्मथने जीभ काळी पडली, शौचही काळी. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही, कारण एरवी काळी शौच म्हणजे रक्त. मधेच सोडावंसं वाटतं, आणि सोडलं की औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात. कोर्स संपल्यावर महिनाभराने, आम्ल कमी करणारी गोळी त्याआधी दोन आठवडे बंद ठेवून, युरियाचं पाणी प्यायले आणि पिशवीत फुंकर मारली. जंतू गेला होता.

"मग आता संपलं ना?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, अस्तर थोडंफार सावरेलही, पण त्या चट्ट्यांचा भरवसा नाही. घरात कर्करोग आहे, तेव्हा एक-दोन वर्षांनी पुन्हा बघू. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यांत चमत्कारिक वाटली. अस्तर फारच विरळ झालं, आम्ल उरलं नाही की जंतूही तिथे टिकत नाही. तो आपणहून निघून जातो. चाचणी चक्क नकारार्थी येते आणि धोका मात्र तेव्हाच सगळ्यांत जास्त असतो. म्हणून चट्टे वाढायच्या आत जंतू काढायला हवा. तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांवर २००४ पासून सरसकट सगळ्यांची तपासणी करून औषध दिलं, तिथे जठराच्या कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. शून्य झालं नाही. आणि वरच्या थरातच असलेला कर्करोग सापडला तर तो दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो, जठर शाबूत राहतं. आत्याची गाठ कधीतरी तेवढीच होती.

पण त्यासाठी माणूस टेबलावर यावा लागतो. आत्या आली नसती. "मला कुठे काय होतंय?" म्हणाली असती. दादाही तेच म्हणतोय. मला सापडला म्हणजे त्यालाही असू शकतो, नुसती पिशवीत फुंकर मारायची आहे, हे सांगून झालं, आकडे सांगून झाले, मात्सू बेटंसुद्धा सांगून झाली. म्हणाला, "अगं, मी शांत माणूस आहे, मला कशाला होतंय?" वहिनीने परस्पर त्याची वेळ घेतली आहे, सोमवारची.